दोन मतपत्रिका आणि एक पत्रक: स्कॉटलंडमधला हुजूर उमेदवार नेमकं काय मागत असतो?

पुण्यात राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला प्रश्न पाठवला आहे. स्कॉटिश पार्लमेंटच्या मे २०२१च्या निवडणुकीत हुजूर पक्षाच्या, म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या, उमेदवारांनी घरोघरी टाकलेली काही पत्रकं तिच्या हाती लागली आहेत. पत्रकाच्या एका बाजूला रस्ता, दवाखाना आणि शाळा आहेत. उलट्या बाजूला मोठ्या अक्षरात स्वातंत्र्याच्या दुसऱ्या सार्वमताला विरोध आहे. तिचं म्हणणं असं: ब्रिटनपासून वेगळं व्हायचं की नाही, हे प्रादेशिक आमदाराच्या हातातच नाही. मग उमेदवाराला खरं काय महत्त्वाचं वाटतं, स्थानिक की राष्ट्रीय? की स्थानिक बाजू ही नुसती सजावट?

प्रश्न चांगला आहे, आणि माझ्या जिव्हाळ्याचा आहे. अबर्डीन परिसरात २००७, २०११, २०१६ आणि २०२१ अशा चार होलीरूड (म्हणजे एडिंबरामधल्या स्कॉटिश पार्लमेंटच्या) निवडणुकांत मी हुजूर उमेदवारांसाठी काम केलं. पहिल्या खेपेला फक्त पत्रकं वाटली. पुढे मतदारयाद्या सांभाळल्या, मतमोजणीला बसलो, प्रचाराचा मजकूर लिहिला. (राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयांना या निवडणुकीत मत आहे, हे अनेक मराठी मंडळींना इथे येऊन कित्येक वर्षं झाली तरी ठाऊक नसतं.) तेव्हा मी तटस्थ निरीक्षक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं उत्तर असं की दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण त्या दोन वेगवेगळ्या मतपत्रिकांना उद्देशून लिहिलेल्या आहेत. हे लक्षात घेतलं नाही तर पत्रक विसंगत वाटतं.

स्कॉटलंडमधल्या मतदाराच्या हातात मतदान केंद्रावर दोन कागद पडतात. २०२१मध्ये एक फिकट जांभळा होता, दुसरा पीच रंगाचा. जांभळ्यावर आपल्या मतदारसंघाचा एक आमदार निवडायचा, आपल्या विधानसभेसारखाच: ज्याला जास्त मतं तो जिंकला. असे ७३ मतदारसंघ. पीच कागदावर उमेदवार नव्हे, पक्ष निवडायचा. देशाचे आठ विभाग केले आहेत आणि प्रत्येक विभागातून सात जण पक्षांच्या यादीतून येतात, म्हणजे ५६. एकूण १२९. यादीच्या जागा वाटताना प्रत्येक पक्षाची मतं त्याने त्या विभागात आधीच मिळवलेल्या जागा अधिक एक, या आकड्याने भागतात. भागाकार ज्याचा मोठा, त्याला पुढची जागा, आणि मग त्याचा भाजक एकाने वाढतो.

आमचा ईशान्य स्कॉटलंड विभाग घ्या. अबर्डीन, डंडी आणि भोवतालचा शेतीचा, मासेमारीचा मुलूख. २०२१मध्ये इथल्या दहा मतदारसंघांपैकी नऊ स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने, म्हणजे एसएनपीने, जिंकले. एकटा अबर्डीनशायर वेस्ट आमच्याकडे राहिला. नुसतं जांभळ्या कागदावर भागलं असतं तर पक्ष इथून जवळपास पुसलाच गेला असता. पण यादीची मोजणी सुरू झाली तेव्हा एसएनपीची मतं दहाने भागली गेली आणि आमची दोनाने. सात जागांपैकी चार आम्हाला मिळाल्या, दोन मजूर पक्षाला, एक ग्रीन पक्षाला. एसएनपीला यादीतून एकही नाही. संपूर्ण देशात हुजूर पक्षाचे ३१ आमदार आले, त्यातले २६ यादीतून.

आता स्वतःला पत्रक लिहिणाऱ्याच्या जागी ठेवून बघा. बँफच्या किनाऱ्यावर एखादा उमेदवार मतदारसंघ जिंकायला झटतो आहे. तिथे त्याला शेजारच्या पक्षातली माणसंही वळवावी लागतात, आणि ती वळतात ती बंदर, रस्ता, प्रसूतिगृह यांच्यावर. पण डंडीमध्ये उभा असलेला उमेदवार स्वतः हरणार हे त्यालाही ठाऊक असतं. तरी तिथला प्रत्येक पीच कागद विभागाच्या बेरजेत धरला जातो. त्याला मतदाराला असं काहीतरी सांगावं लागतं, जे डंडीतही लागू पडेल आणि पीटरहेडमध्येही. ते म्हणजे युनियन, स्कॉटलंडचं ब्रिटनमध्ये राहणं. पत्रकाची एक बाजू जांभळी आहे, दुसरी पीच. एकाच कागदावर दोन्ही छापतात, कारण छपाईचा आणि वाटणाऱ्या पायांचा खर्च एकदाच परवडतो.

यादी मताची ताकद त्या वर्षी आमच्या विरोधकांनीही ओळखली होती. माजी फर्स्ट मिनिस्टर (म्हणजे स्कॉटलंडचे मुख्यमंत्री) अलेक्स सॅमंड यांनी निवडणुकीच्या तोंडावर आल्बा हा नवा पक्ष घेऊन आमच्याच विभागातून यादीवर उमेदवारी केली. युक्तिवाद असा की एसएनपीला दिलेलं यादी मत दहाने भागलं जाऊन वाया जातं, ते आल्बाला द्या, म्हणजे स्वातंत्र्यवाद्यांचं प्रचंड बहुमत होईल. गणित चुकीचं नव्हतं. लोकांनी ऐकलं नाही, एकही जागा आली नाही.

पक्षाचा इतिहास थोडा बघितला पाहिजे, नाहीतर यादीवरची ही भिस्त लबाडी वाटेल. १९५५मध्ये इथल्या युनियनिस्टांनी, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच पक्षाने, स्कॉटलंडमधली निम्म्याहून किंचित जास्त मतं मिळवली होती. १९९७च्या सार्वत्रिक निवडणुकीत आमचा एकही खासदार उरला नाही. ७२ जागांत शून्य. त्याच वर्षी सप्टेंबरात स्कॉटिश पार्लमेंट हवं की नको यावर सार्वमत झालं. आमच्या पक्षाने विरोध केला आणि सुमारे ७४ टक्के लोकांनी ‘हवं’ म्हटलं. मग १९९९च्या पहिल्या निवडणुकीत पक्षाचे १८ आमदार आले, अठराच्या अठरा यादीतून. ज्या सभागृहाला विरोध केला आणि जी प्रमाणशीर पद्धत आम्हाला कधी आवडली नव्हती, तिनेच पक्ष जगवला. जुन्या कार्यकर्त्यांना मी याबद्दल मनापासून कृतज्ञ झालेलं पाहिलं आहे.

मग सार्वमताचाच मुद्दा का? १८ सप्टेंबर २०१४ला ५५ विरुद्ध ४५ अशा फरकाने स्कॉटलंडने ब्रिटनमध्ये राहायचं ठरवलं. तोपर्यंत इथलं राजकारण डावं-उजवं होतं. त्यानंतर ते ‘हो’वाले आणि ‘नाही’वाले असं झालं. २०११मध्ये आमचे १५ आमदार होते. २०१६मध्ये आमच्या तेव्हाच्या नेत्या रूथ डेव्हिडसन यांनी ‘आम्ही सरकार बनवू’ असं म्हटलंच नाही. ‘भक्कम विरोधी पक्ष द्या’ एवढंच मागितलं. १५चे ३१ झाले आणि मजूर पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला. त्या वेळी मी दारोदार फिरत होतो. आयुष्यभर मजूर पक्षाला मत दिलेल्या म्हाताऱ्या बायका दार अर्धवट उघडून म्हणायच्या, ‘या एकाच वेळेला तुम्हाला देते.’ त्या मतामागे करकपात वगैरे काही नव्हतं. आपला नातू इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो, तिथे जायला सरहद्द ओलांडावी लागू नये, एवढंच होतं. म्हणून हा मुद्दा नुसता डावपेच आहे असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

अधिकाराचा प्रश्न मात्र तुम्ही बरोबर पकडला आहे. भारतात आपण केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची शिकतो. इथे १९९८च्या स्कॉटलंड कायद्याने फक्त लंडनकडे राखून ठेवलेल्या विषयांची यादी दिली. यादीत जे नाही ते सगळं एडिंबराकडे, म्हणजे स्कॉटिश पार्लमेंट आणि सरकारकडे. संरक्षण, परराष्ट्र धोरण, युनियन, तेल आणि वायू, नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) लंडनकडे. आरोग्य, शिक्षण, पोलीस, मोठे रस्ते, शेती एडिंबराकडे. सार्वमताचा कायदा होलीरूड स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही, यावर ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २३ नोव्हेंबर २०२२ला शिक्कामोर्तब केलं. पण २०२१च्या मे महिन्यात हा निकाल नव्हता. एसएनपीला पूर्ण बहुमत मिळालं तर लंडनवर येणारा दबाव खराच असता. बहुमताला ६५ लागतात. त्यांना ६४ मिळाल्या.

त्या एका जागेने पुढे काय झालं बघा, कारण माझ्या उत्तराचा गाभा इथेच आहे. ऑगस्ट २०२१मध्ये एसएनपीने ग्रीन पक्षाशी सरकार चालवण्यासाठी ब्यूट हाउस करार केला. अबर्डीन ते इन्व्हर्नेस जाणारा ए९६ रस्ता २०३०पर्यंत पूर्ण दुपदरी-विभाजित करायचं वचन सरकारने फार पूर्वी दिलं होतं. करारात त्या वचनाचा पुनर्विचार आला. इन्व्हर्नेस ते नेर्नचा टुकडा आणि नेर्नचा बायपास राहिला, बाकीचा रस्ता ‘आढाव्या’त गेला. याच रस्त्यावरच्या कीथ किंवा हंटलीच्या माणसाने पीच कागदावर कोणाच्या नावापुढे फुली मारली, याचा त्याच्या दारासमोरच्या रस्त्याशी असा संबंध लागला. स्थानिक मत एका कागदात आणि राष्ट्रीय मत दुसऱ्या कागदात, अशी वाटणी आम्ही प्रचारासाठी करतो. सरकार चालतं तेव्हा ती टिकत नाही.

स्थानिक बाजू सजावट असते का? काही पत्रकांत असते, हे मान्य करतो. ‘आपल्या समाजासाठी झटणारा’ आणि खाली कुत्र्याबरोबरचा फोटो, यापलीकडे ज्यात काही नाही ते पत्रक मी स्वतः रचलेलं असलं तरी त्याची किंमत शून्य. खरा स्थानिक मुद्दा ओळखायचा तर त्यात एक ठिकाण असतं आणि एक थांबलेलं काम असतं. लॉरन्सकर्कचा चौक घ्या. डंडी-अबर्डीन ए९० हा भरधाव विभाजित रस्ता आहे. माँट्रोजकडून येणारी गाडी तिथे समोरच्या वाहतुकीला छेदून पलीकडे जाते. अपघात होत आले, माणसं गेली, गावकऱ्यांनी कित्येक वर्षं उड्डाणपुलासाठी अर्ज केले. जानेवारी २०१६मध्ये सरकारने त्यासाठी २.४ कोटी पौंड जाहीर केले. २०२१ची निवडणूक आली तरी पूल नव्हता. पत्रकात या चौकाचं नाव आलं की वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, कारण तो तिथून रोज जातो.

किंवा एल्गिनचं डॉक्टर ग्रेज हॉस्पिटल. ते मोरे परगण्यात, आमच्या शेजारच्या विभागात. २०१८च्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या तुटवड्यामुळे तिथलं प्रसूतिगृह खालच्या दर्जाचं केलं गेलं. बहुतेक बायकांना बाळंतपणासाठी अबर्डीनला किंवा इन्व्हर्नेसला जावं लागू लागलं. अबर्डीन तिथून शंभर किलोमीटरहून जास्त, तोही याच ए९६वरून, हिवाळ्यात बर्फातून. आयांनी स्वतः मोहीम उभारली होती. पक्षाने ती निर्माण केली नाही, तिच्या मागे उभा राहिला. उमेदवाराचं काम बहुतेक वेळा एवढंच असतं आणि ते कमी नाही.

विरोधी बाकांवरून असलं काही घडतं का, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. २००७ ते २०११ हा काळ मी आवर्जून वाचायला सांगेन. एसएनपीचे ४७ आमदार, मजूर पक्षाचे ४६, आमचे १७. अल्पमतातलं सरकार. अर्थसंकल्प मंजूर करून घ्यायला त्यांना आमची मतं लागायची. ॲनाबेल गोल्डी तेव्हा आमच्या नेत्या होत्या. त्यांनी मतांच्या बदल्यात खुर्च्या मागितल्या नाहीत. १,००० जादा पोलीस मागितले, लहान दुकानदारांचा व्यवसाय-कर लवकर कमी करायला लावला, आणि २००९मध्ये गावांच्या बाजारपेठा सावरायला ६ कोटी पौंडांचा निधी मिळवला. १७ आमदारांनी हे केलं. माझ्या मते होलीरूडमधलं पक्षाचं सगळ्यात उपयोगी काम तेच, ३१ जण असतानाही तेवढं साधलं नाही. सार्वमताच्या घोषणेने जागा दुप्पट केल्या, पण देवाणघेवाणीची दारं बंद केली: ज्यांना ‘थांबवा’ म्हणून मतं मागितली त्यांच्याशी बसून पोलिसांचा आकडा ठरवणं मग दोन्ही बाजूंना अवघड झालं. २०१६नंतर मी हे पक्षाच्या बैठकांत बोलत आलो.

आता राष्ट्रीय अग्रक्रम उमेदवाराच्याच गळ्याशी येतो ती वेळ. २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतात स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी युरोपात राहायचा कौल दिला, पण पीटरहेड आणि फ्रेझरबर्गच्या कोळ्यांना बाहेर पडायचं होतं. समुद्र आपला, मासा आपला, हे त्यांना पक्षाने सांगितलं होतं. १ जानेवारी २०२१पासून नवा व्यापार करार लागू झाला. मासेमारीच्या कोट्यात वाढ झाली ती साडेपाच वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार होती, आणि निर्यातीच्या कागदपत्रांपायी लँगूस्टिन (मोठ्या कोळंबीसारखा मासळीचा प्रकार) आणि खेकडे घेऊन निघालेले ट्रक अडकून पडले. चार महिन्यांत मतदान. कोविडमुळे दारं ठोठवायला शेवटचे थोडेच आठवडे मिळाले. फ्रेझरबर्गला एका बोटमालकाने मला पायरीवर उभं करून पंधरा मिनिटं ऐकवलं. मी काही बोललो नाही, कारण त्याचं बरोबर होतं. शेवटी तो म्हणाला, ‘तुमचा माणूस लंडनला हे असंच सांगणार असेल तर देतो.’ बँफशायर अँड बकन कोस्ट आम्ही हजारापेक्षाही कमी मतांनी हरलो. त्या बोटमालकासारखी किती घरं होती कोण जाणे.

त्याचं वाक्य मला कसोटीसारखं वाटत आलं आहे: तुमचा माणूस लंडनला सांगणार का? मे २०२०मध्ये डग्लस रॉस यांनी डॉमिनिक कमिंग्ज प्रकरणावरून (जॉन्सन यांच्या या सल्लागारावर लॉकडाउनचे नियम मोडल्याचा आरोप होता) बोरिस जॉन्सन सरकारमधलं मंत्रिपद सोडलं. तीन महिन्यांत ते इथल्या पक्षाचे नेते झाले. २०२१च्या प्रचारात जॉन्सन स्कॉटलंडला फिरकले नाहीत आणि आमच्या कोणाची त्याबद्दल तक्रार नव्हती. मे २०२२मध्ये आमच्याच पक्षाच्या अर्थमंत्र्यांनी, ऋषी सुनक यांनी, उत्तर समुद्रातल्या तेलकंपन्यांच्या नफ्यावर २५ टक्के जादा कर बसवला. पुढे तो ३५ झाला. अबर्डीनमध्ये तेल म्हणजे फक्त कंपन्या नव्हेत. वेल्डर, केटरिंगवाले, हेलिकॉप्टरचे मेकॅनिक, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या गणपतीची वर्गणी देणारे निम्मे इंजिनिअर. मार्च २०२४मध्ये या कराची मुदत आणखी एक वर्षाने वाढवली तेव्हा रॉस यांनी उघड विरोध केला. कर वाढायचा तो वाढलाच. तरी अबर्डीनच्या आमदाराने गप्प बसायचं नसतं, आणि तेलाचा विषय होलीरूडच्या अखत्यारीत नाही ही सबब त्याला शोभत नाही.

यावर कायमचा तोडगा म्हणून आमच्याच पक्षाचे आमदार मर्डो फ्रेझर यांनी २०११मध्ये वेगळाच मार्ग सुचवला होता: इथला पक्ष लंडनच्या पक्षापासून तोडून नवा काढावा. नेतेपदाच्या त्या निवडणुकीत ते रूथ डेव्हिडसन यांच्याकडून हरले. मी तेव्हा डेव्हिडसन यांच्या बाजूचा होतो. आज तसा ठाम राहिलेलो नाही.

कराबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्याकडच्या पत्रकांत तिचा उल्लेख बहुधा असेल. पगारावरच्या आयकराचे टप्पे एडिंबरा ठरवतं. २०२१-२२मध्ये वरचा दर इथे ४३,६६२ पौंडांपासून सुरू व्हायचा, इंग्लंडमध्ये ५०,२७० पासून. नॅशनल इन्शुरन्स मात्र लंडनच्या हिशोबाने कापला जातो, आणि तो ५०,२७० पर्यंत १२ टक्के होता. मधल्या पट्ट्यात कमावणाऱ्या इथल्या सीनिअर नर्सला किंवा हेडमास्तरला जादा पौंडामागे ४१ अधिक १२, म्हणजे ५३ पेन्स द्यावे लागत. दोन सरकारांच्या दोन नियमांची फट, आणि त्यात सापडलेला माणूस. हा मुद्दा स्थानिक म्हणायचा की राष्ट्रीय? उमेदवाराने तो दोन ओळीत नीट समजावला असेल तर त्याला आपलं काम कळतं, असं मी धरतो.

तुमच्या अभ्यासासाठी आता हातातल्या पत्रकांचं काय करायचं ते सांगतो. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-पत्ता असतो. कायद्याने तो द्यावाच लागतो. त्यावरून पत्रक स्थानिक शाखेने काढलं की एडिंबराच्या मुख्यालयाने, याचा अंदाज बांधता येतो. मग बघा, ‘पीच मतपत्रिका’ हे शब्द कुठे आणि किती मोठ्या अक्षरात आहेत. जिथे जिंकायची आशा होती तिथे चौक, बंदर, हॉस्पिटल पहिल्या पानावर आलेलं दिसेल. जिथे नव्हती तिथे रॉस यांचा फोटो आणि सार्वमत. मतदारसंघांच्या निकालांशेजारी ही पत्रकं मांडून ठेवलीत तर प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच उभं राहील.

त्यानंतर यादीतून आमच्या विभागात आलेल्या चौघांची सभागृहातली भाषणं आणि लेखी प्रश्न काढा. होलीरूडचं कामकाज शब्दशः छापलेलं, सगळ्यांना मोफत वाचता येतं. ‘लॉरन्सकर्क’ हा शब्द शोधून बघा. त्यांनी तो पाच वर्षांत किती वेळा उच्चारला आणि मंत्र्यांनी दर वेळी काय उत्तर दिलं, हे मोजलंत तर पत्रकाची कोणती बाजू खरी होती, याचं माझ्यापेक्षा पक्कं उत्तर तुम्हाला मिळेल. निघालेला आकडा मला जरूर कळवा, मलाही तो हवा आहे.